सांधे

बर्लिनहून परत निघताना मी घरच्यांना विमानतळावर पाच तास आधी नेलं. लेक म्हणत होती, "बाबा, तीन तास पुष्कळ झाले." बायको काही बोलली नाही, तिला कारण माहीत होतं. बॅगा त्या दोघींपाशी ठेवून मी चेक-इनच्या मोठ्या दालनात एकटाच फिरलो. अक्रोडाच्या लाकडाचे काउंटर, फिकट रंगाची दगडी फरशी, आणि डोक्यावर तरंगत असलेली लाल जाळीची अवाढव्य चादर. ती पे व्हाइट या अमेरिकन कलावतीची कलाकृती आहे. लोक तिचे फोटो काढत होते. मी तिच्या पलीकडे, छताच्या पट्ट्यांमधल्या काळ्या फटी बघत होतो. इथे धूर झाला तर तो कुठून बाहेर पडेल, एवढंच मला शोधायचं होतं.

गेली सव्वीस वर्षं मी इमारतींच्या यंत्रणा एकमेकींना जोडायचं काम करतो. मॉल केले, इस्पितळं केली, दोन विमानतळांची टर्मिनल्स केली. या कामाला नाव सांगायचं तर बीएमएस, म्हणजे इमारतीच्या सगळ्या यंत्रणा संगणकावरून चालवणारी व्यवस्था, आणि कमिशनिंग, म्हणजे त्या यंत्रणा तपासून सुरू करून देणं. पण नातेवाइकांना मी एवढंच सांगतो, की इमारत बांधून झाली की ती जिवंत करायला आम्ही जातो.

टर्मिनल जिवंत होतं म्हणजे काय, ते आगीच्या उदाहरणाने लवकर कळतं. समजा, डिपार्चरच्या मजल्यावर एका दुकानाच्या मागच्या खोलीत पुठ्ठ्याची खोकी पेटली. छतातला स्मोक डिटेक्टर ते हेरतो आणि फायर अलार्मच्या पॅनेलला कळवतो. इथपर्यंतचं काम एका एजन्सीचं. पुढे जे जे व्हायला हवं ते सगळं दुसऱ्यांच्या हातात. त्या भागाला थंड हवा पुरवणारा एएचयू, म्हणजे एअर हँडलिंग युनिट, बंद पडायला हवा, नाहीतर तोच धूर सगळीकडे वाटत सुटेल. हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या डक्टमधले डॅम्पर, म्हणजे झडपा, मिटायला हवेत, पण पंखा थांबल्यावर. क्रम उलटा झाला आणि पंखा भरात असताना डॅम्पर मिटला, तर मधला डक्ट पाय दिलेल्या पत्र्याच्या डब्यासारखा आत बसतो. मी तो बसलेला पाहिलाय. तीन सेकंदांची चूक होती. मग धूर ओढणारे पंखे सुरू व्हायचे, आणि ते जेवढी हवा बाहेर टाकतील तेवढी ताजी हवा खालून आत यायला वाट उघडायची. जिन्यांमध्ये बाहेरची हवा दाबाने भरायची, म्हणजे माणसं उतरत असताना धूर जिन्यात शिरणार नाही. लिफ्ट ठरलेल्या मजल्यावर येऊन दारं उघडी ठेवून थांबायच्या. आणि आग त्याच मजल्यावर असेल तर दुसऱ्या मजल्यावर. आगीच्या दिशेने माणसं नेणारे सरकते जिने थांबायचे. दारांची इलेक्ट्रॉनिक कुलपं सुटायची. घोषणा व्हायची ती त्या भागात, शेजारच्या गेटवरच्या माणसांची धावपळ उडणार नाही अशी.

आणि सामानाचा पट्टा. हा माझा आवडता तपशील आहे, कारण तो कुणाच्याच ध्यानात येत नाही. चेक-इनला दिलेली बॅग पट्ट्यावरून भिंतीतल्या भोकातून आत जाते. ती भिंत आग अडवणारी असते, म्हणून भोकाला वरून पडणारं शटर असतं. आग लागली की शटर पडायला हवं आणि पट्टा थांबायला हवा. दोन्ही एकदमच झालं आणि नेमकी एखादी सूटकेस त्या भोकात असली, तर शटर सूटकेसवर टेकून अर्धवट उघडं राहणार. म्हणून पट्ट्याने लगेच थांबायचं नाही. भोकातली बॅग पुढे सरकेपर्यंत चालायचं, मागची बॅग आधीच अडवायची, जागा मोकळी झाल्याचं शटरला कळवायचं, मग शटरने पडायचं. पट्टेवाला वेगळा, शटरवाला वेगळा, फायर अलार्मवाला तिसरा. तिघांचीही चाचणी आपापल्या जागी शंभर टक्के पास होते. सूटकेस मात्र कुणाच्याच चाचणीत नसते. ती आम्हाला नेऊन ठेवावी लागते.

हे सगळं एका तक्त्यात मांडलेलं असतं. साइटवर त्याला कॉज अँड इफेक्ट म्हणतात. डावीकडे उभी ओळ कारणांची, वर आडवी ओळ परिणामांची, आणि जिथे दोन्ही भेटतात त्या चौकटीत खूण. मी केलेल्या दुसऱ्या टर्मिनलचा तक्ता छापून चिकटवला तेव्हा साइट ऑफिसची एक अख्खी भिंत भरली. त्यातली प्रत्येक चौकट म्हणजे एक सांधा. एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं ती जागा. साइटवरची सगळी भांडणं तिथेच होतात. "आमच्याकडून सिग्नल गेला." "आमच्याकडे आलाच नाही." रात्री दोन वाजता दोघेही मीटर लावून दाखवतात आणि दोघेही खरे असतात. एकाने धोका झाला की संपर्क तोडायचा असं धरलेलं असतं, दुसऱ्याने जोडायचा असं.

यंत्रांना सामाईक भाषा नाही, अशातला भाग नाही. बॅकनेट नावाची भाषा आहे. अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने १९८७ मध्ये तिच्यावर काम सुरू केलं आणि १९९५ मध्ये ती प्रमाण म्हणून आली. पण सगळ्यांना मराठी येतं म्हणून गावची पाणीपट्टी ठरते का? कोण कुणाला काय विचारणार आणि उत्तर आलं नाही तर काय करणार, हे माणसांना एका टेबलाशी बसून ठरवावं लागतं.

विमानतळावर तर या टेबलाशी एक जास्तीची खुर्ची असते, सुरक्षा दलाची. आगीचा नियम सांगतो, माणसाला दाराने अडवायचं नाही, ढकललं की उघडलं पाहिजे. सुरक्षेचा नियम सांगतो, तपासणी न झालेला माणूस विमानांच्या बाजूला जाता कामा नये, मग काहीही होवो. दार एकच. कुणीतरी सिगारेट ओढून खोटा अलार्म वाजवला आणि दारं सुटली, तर बाहेरचा माणूस आत. आणि खरी आग असताना दारं सुटली नाहीत, तर आतली माणसं काचेला चिकटून उभी. या एका दारावर मी अकरा बैठका मोजल्यात. दोन्ही बाजूंची माणसं मनापासून बोलत होती, दोघांच्याही डोळ्यांपुढे मेलेली माणसं होती, फक्त वेगवेगळी. शेवटी वाट निघाली ती दाराच्या पलीकडच्या जागेतून: माणसं आगीपासून सुटून जिथे येतील ती जागाच बंदिस्त आणि पहाऱ्यातली करायची. म्हणजे सांधा दारात नव्हताच, तो चार मीटर पुढे होता.

सांधा हा शब्द मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलो नाही. तो माझ्या वडिलांचा शब्द.

अण्णा रेल्वेत होते, दौंड-मनमाड लाइनवर, बेलापूरला. म्हणजे श्रीरामपूरच्या स्टेशनला. नवी मुंबईतल्या बेलापूरशी त्याचा संबंध नाही. स्टेशनच्या टोकाला केबिन होती, लाकडी जिना चढून वर गेलं की लिव्हरांची रांग. लाल लिव्हर सिग्नलचे, काळे सांध्यांचे, निळे कुलपांचे, पांढरे मोकळे. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जिथे वळते तो सांधा, तो बदलायचा तो काळ्या लिव्हरने. मी सात-आठ वर्षांचा असेन. उन्हाळ्याच्या सुट्टीत डबा घेऊन गेलो होतो. अण्णांची पाठ वळलेली पाहून मी एका लाल लिव्हरला लोंबकळलो. हललं नाही. दोन्ही पाय लावून ओढलं. अण्णा मागे येऊन उभे होते. म्हणाले, "तुझा जोर कमी नाय रे. सांधा लागला नाय, म्हणून ते हलत नाय. मी वढलं तरी नाय हलायचं."

मग त्यांनी मला लिव्हरांच्या खाली काय असतं ते सांगितलं. लोखंडी पट्ट्या, त्यांना खाचा, त्या खाचांत बसणारे खिटे. सांधा नीट बसला, त्याचं कुलूप लागलं, की एक पट्टी सरकते आणि सिग्नलच्या लिव्हरची खाच मोकळी होते. तोवर जगातली कुठलीही ताकद तो सिग्नल पाडू, म्हणजे गाडीला वाट देऊ, शकत नाही. ड्युटीवरचा माणूस झोपेत असो, दारू प्यायलेला असो, वरून साहेबाचा फोन येवो, लोखंडाला ते ऐकू जात नाही. याला इंटरलॉकिंग म्हणतात हे मला पुढे कळलं, आणि त्याचं पेटंट जॉन सॅक्सबी या इंग्रज माणसाने १८५६ मध्ये घेतलं होतं हे त्याहून पुढे.

दुसरी गोष्ट होती गोळा. लाइन एकेरी. दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी. दोन्ही स्टेशनांवर तारेने जोडलेली यंत्रं. दोघांनी मिळून यंत्र चालवलं की एक लोखंडी गोळा बाहेर पडायचा. तो कातडी पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला, आणि ते कडं ड्रायव्हरच्या हातात. गोळा हातात असल्याशिवाय ड्रायव्हर गाडी काढत नसे. आणि तो गोळा पुढच्या स्टेशनच्या यंत्रात परत पडेपर्यंत दोन्ही टोकांना दुसरा गोळा निघतच नसे. न थांबणाऱ्या गाडीला धावत्या इंजिनात ते कडं देताना अण्णांचा उजवा दंड कायम काळानिळा असायचा.

आमच्या संगणकांच्या खाली मात्र लोखंडाच्या पट्ट्या नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये असे नियम बसवता येतात, बसवतोही, पण ते बसवणारा माणूस त्याच स्क्रीनवरून ते उचलूनही ठेवू शकतो. हा फरक समजायला मला खूप वर्षं लागली.

बर्लिनकडे यायच्या आधी ड्युसेलडॉर्फबद्दल सांगायला हवं, कारण माझ्या मते ते माहीत नसेल तर बर्लिन कळत नाही. ११ एप्रिल १९९६. ड्युसेलडॉर्फच्या विमानतळावर टर्मिनलसमोरच्या उंच रस्त्यावर वेल्डिंग चाललं होतं. रस्त्याच्या दोन स्लॅबांमधल्या फटीवर, म्हणजे तिथेही सांध्यावरच. तापलेले थेंब फटीतून खालच्या पोकळीत गेले. तिथे उष्णता अडवण्यासाठी पॉलिस्टायरीनचे थर होते, थर्माकोलचाच प्रकार. ते आत धुमसत राहिले, आणि जेव्हा बाहेर आले तेव्हा काळा धूर घेऊन आले. १७ माणसं गेली, बहुतेक धुराने. काही एका विश्रामकक्षात अडकलेली होती. काही लिफ्टमध्ये: वरच्या पार्किंगमधून ती लिफ्टने खाली आली आणि दार उघडलं ते थेट धुरात. लिफ्टला आग कुठे आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. तक्त्यातली ती एक चौकट. दर वेळी लिफ्टची चाचणी घेताना मी दार उघडायची वाट बघतो, आणि ते उघडेपर्यंत मला दुसरं काही सुचत नाही.

दहा वर्षांनी, ५ सप्टेंबर २००६ ला, बर्लिनच्या नव्या विमानतळाचं काम सुरू झालं. माजी चॅन्सेलर विली ब्रांट यांचं नाव, देशाच्या राजधानीचा विमानतळ, जमिनीखाली रेल्वे स्टेशन. सगळं काम एकाच मोठ्या ठेकेदाराला द्यायचं ठरत होतं, पण निविदा फार महाग आल्या. मग ते तोडून अनेक ठेक्यांत वाटलं गेलं. पैसे वाचवायला केलेली ही गोष्ट मी आपल्याकडेही पुष्कळदा पाहिली आहे. काम दहा जणांत वाटलं की दहा कामं होतात, आणि त्यांच्यामधले सांधे कुणाच्याच बिलात नसतात. त्यात बांधकाम चालू असतानाच आराखडा बदलत आणि वाढत गेला. भिंत सरकली की डक्ट सरकतो, डक्ट सरकला की केबल ट्रे, आणि केबल ट्रेमध्ये जागा उरली नाही की जिथे सापडेल तिथून केबल जाते.

धूर काढायच्या यंत्रणेची तर कल्पनाच धाडसी होती. छताची रेषा स्वच्छ दिसावी म्हणून वर धुराडी नकोत. धूर छतापासून ओढून खाली न्यायचा आणि जमिनीखालच्या वाटेने बाहेर सोडायचा. धूर आपण होऊन वर जातो. त्याला खाली न्यायचं तर पंखे, डॅम्पर, दाब, वेळ, सगळं एकाच क्षणी बरोबर असावं लागतं. अशक्य नाही. पण जे निसर्ग फुकट करून देत होता ते आता शेकडो सांध्यांवर आलं. पुढे तिथली माणसंच त्या यंत्रणेला राक्षस म्हणू लागली.

३ जून २०१२ ही उद्घाटनाची तारीख होती. पाहुण्यांना निमंत्रणं गेलेली, दुकानदारांनी माणसं नेमलेली, जुन्या टेगेल विमानतळावरचं सामान एका रात्रीत हलवायचं ठरलेलं. आणि धुराची दारं-डॅम्पर अलार्मवर आपोआप चालत नव्हती. मग एक तोडगा निघाला: सातशे-आठशे माणसं उभी करायची, त्यांना फोनवर सांगायचं, आणि त्यांनी हाताने दारं उघडायची. हे वाचताना लोक हसतात. मला कधी हसू आलं नाही. तारीख चार आठवड्यांवर आली की चांगली, शहाणी माणसं अशा खोलीत बसून असं बोलतात, आणि त्या क्षणी ते त्यांना खरोखर शक्य वाटत असतं. मी त्या खोलीत बसलेलो आहे.

तिथल्या जिल्ह्याच्या इमारत खात्याने तो तोडगा मान्य केला नाही. ८ मे २०१२ ला उद्घाटन रद्द झाल्याचं जाहीर झालं. आणि लगेच त्या महिन्यात आराखडा करणाऱ्या मंडळींचा करारही तोडला गेला. माझ्या मते हा सगळ्यात महागडा निर्णय. कुठली केबल कुठे गेली हे ज्यांच्या डोक्यात होतं ती डोकी गेटाबाहेर गेली.

पुढची वर्षं थट्टेची. २०१३ मध्ये विमानतळाच्या तांत्रिक प्रमुखांना जाहीर सांगावं लागलं की नियंत्रण यंत्रणा अजून तयार नसल्यामुळे दिवे बंद करता येत नाहीत. जमिनीखालच्या स्टेशनात हवा कोंडू नये म्हणून रिकाम्या गाड्या फिरवल्या जात. २०१८ मध्ये विमानांच्या वेळा दाखवणारे ७५० पडदे बदलावे लागले. ते सहा वर्षं कुणासाठीही नसताना चालू राहून झिजले होते. त्या पडद्यांचं मला फार वाईट वाटतं. आमच्यापैकी कुणीतरी ते एकेक करून लावले असतील, नंबर टाकले असतील, पहिल्यांदा उजळले तेव्हा फोटो काढला असेल.

२०१९ च्या उन्हाळ्यात शेवटी ती परीक्षा झाली जी आधीच व्हायला हवी होती. जर्मन लोक तिला 'वीर्क-प्रिन्झिप-प्रूफुंग' म्हणतात. एकेक यंत्र चालतं का हा प्रश्न तिथे नसतो. सगळी एकत्र, एकमेकांच्या सांगण्यावरून चालतात का, एवढंच बघायचं. राक्षसाचे आधीच तुकडे करून छोट्या, आवाक्यातल्या यंत्रणा केल्या होत्या. एप्रिल २०२० मध्ये इमारत खात्याने वापराची परवानगी दिली, आणि ३१ ऑक्टोबर २०२० ला, महामारीत जगातली विमानं जमिनीवर असताना, विमानतळ उघडला. आठ वर्षं आणि पाच महिने उशिरा, ठरल्याच्या तिपटीच्या आसपास पैसे खर्चून.

जग याला फजिती म्हणतं. पैशांच्या आणि कारभाराच्या बाजूने ती आहेच. पण त्या लाल जाळीखाली उभा असताना मला ते जिल्ह्याचं इमारत खातं आठवत होतं. देशाची राजधानी, चॅन्सेलरपर्यंत गेलेली निमंत्रणं, सगळ्या बाजूंनी दोन्ही पाय लावून लिव्हर ओढलं जातंय, आणि एका जिल्हा कचेरीतली माणसं सांगताहेत की सांधा लागलेला नाही. माझ्या धंद्यात याहून मोठं काम मला माहीत नाही. त्या इमारतीत धुराने एकही माणूस मेला नाही, आणि न घडलेल्या गोष्टीचा पुतळा कुणी उभारत नाही.

आपल्याकडे तारखेला मुहूर्ताचं वजन असतं. मात्र एक चांगली सवय आपल्या मोठ्या विमानतळांनी लावून घेतली आहे. मुंबई विमानतळाच्या टी-टू टर्मिनलचं उद्घाटन १० जानेवारी २०१४ ला झालं, आणि विमानं तिथून सुटू लागली १२ फेब्रुवारीला. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, आणि प्रवासी उड्डाणं २५ डिसेंबरला सुरू झाली. फीत कापल्यावर विमान का नाही उडालं, असं लोक त्या मधल्या दिवसांत विचारत होते. ते मधले दिवस आमचे. खोट्या बॅगा पट्ट्यावर सोडायच्या, खोटे प्रवासी चालवायचे, धुराची यंत्रं आणून धूर करायचा. ते दिवस कुणी कमी करू नयेत, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आता माझं. कुठलं टर्मिनल ते सांगत नाही; तिथे पुष्कळ चांगल्या माणसांनी रात्रीचा दिवस केलेला आहे.

जिन्यात दाबाने हवा भरणारा एक पंखा होता, आमच्या चाचण्यांच्या यादीत ३१२ वी ओळ. आम्ही त्याची चाचणी घेतली तेव्हा इमारतीला कायमची वीज आलेली नव्हती, जनरेटरवर काम चाललं होतं. पंखा सुरू केला, जिन्यात सुमारे ५० पास्कलचा दाब आला, दार ढकलताना हाताला चांगलाच विरोध लागला. मी ओळीपुढे बरोबरची खूण केली आणि सही केली. तीन आठवड्यांनी कायमची वीज आली. केबल जनरेटरच्या पॅनेलमधून काढून मुख्य पॅनेलला जोडल्या. लाल, पिवळी, निळी, अशा तीन वायरी. त्यातल्या दोन अदलाबदल झाल्या. अशाने मोटर उलटी फिरते. ज्यांनी जोडणी केली त्यांच्या यादीत पंख्याची दिशा तपासणं नव्हतं, ते आमच्या यादीत होतं. आणि आमच्या यादीत त्या ओळीपुढे खूण होती. उद्घाटनाला नऊ दिवस उरले होते. वीज बदलल्यावर सगळे पंखे पुन्हा बघायला हवेत, हे मला माहीत होतं. मी मोठे पंखे पुन्हा बघितले. जिन्यांच्या ओळींवर नजर फिरवली. सगळीकडे माझ्याच सह्या होत्या.

आठ महिने. दर महिन्याच्या सरावात नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर तो पंखा हिरवा दिसायचा, कारण मोटर फिरत होती आणि वीज खात होती. दाबाचा आकडा दुसऱ्या पानावर होता, आणि एरवी पंखा बंदच असल्याने तिथे शून्य दिसायची सगळ्यांना सवय झालेली. एका रात्री देखभालीचा एक तरुण मुलगा सरावाच्या वेळी त्या जिन्यातून गेला आणि नंतर सहज म्हणाला, "सर, बाकीच्या जिन्यांची दारं जड लागतात. याचं लई हलकं आहे. आपणच आत ओढलं जातं."

मी धावत गेलो. टॉयलेटमधला टिश्यूचा तुकडा दाराच्या फटीशी धरला. तो जिन्याच्या आत वळला. पंखा जिन्यात हवा भरत नव्हता. जिन्यातली हवा बाहेर ओढत होता. खरी आग लागली असती, तर त्याने मजल्यावरचा धूर जिन्यात ओढून घेतला असता, उतरणाऱ्या माणसांच्या अंगावर. दोन वायरी बदलायला वीस मिनिटं लागली. पुन्हा दार ढकललं तेव्हा त्याने माझ्या तळहाताला मागे लोटलं, आणि मी तिथेच पायरीवर बसलो.

मी वरिष्ठांना लेखी कळवलं, सगळे जिने पुन्हा तपासले. बाकीचे बरोबर निघाले. कुणाला काही झालं नव्हतं, म्हणून कुणी फार बोललं नाही. मला मात्र कुणालातरी सांगायचं होतं. त्या रविवारी श्रीरामपूरला गेलो. अण्णा तेव्हा ऐंशीच्या पुढे, ऐकायला कमी येई, म्हणून शेजारी बसून मोठ्याने सगळं सांगितलं. त्यांनी पंखा, पास्कल यांबद्दल काही विचारलं नाही. वायरी बदलल्या त्या दिवसाबद्दल मात्र दोनदा विचारलं. मग म्हणाले, "मंग त्या दिवशी गोळा कोणाकडं व्हता?"

मी म्हटलं, "अण्णा, तिथं गोळा नसतो."

"नसतो?" ते माझ्याकडे बघत राहिले. "दोघं जण एकाच लाइनवर काम करतात, अन् गोळा नाय?"

त्यानंतरच्या प्रत्येक साइटवर मी एक पद्धत लावून घेतली आहे. अंतिम चाचण्यांची फाइल एकच. छापील, जाड पुठ्ठ्याची, लाल. तिची फोटोकॉपी नाही, संगणकावर दुसरी प्रत नाही. चाचणी झालेल्या कुठल्याही यंत्राच्या वायरीला, डॅम्परला, सेटिंगला हात लावायचा असेल, तर आधी ही फाइल हातात घ्यायची, त्या ओळीपुढची खूण आपल्या हाताने खोडायची, आणि फाइल परत आणून द्यायची. पुन्हा चाचणी झाल्याशिवाय खूण परत येत नाही. पहिल्या महिन्यात सगळे वैतागतात. एका प्रोजेक्ट मॅनेजरने तर, या जमान्यात हे कसलं वेड, म्हणून माझ्या वरिष्ठांना पत्र लिहिलं होतं. मी फाइल ठेवली.

परवा रात्री पावणेदोनला माझ्या केबिनचं दार वाजलं. एअर कंडिशनिंगच्या एजन्सीतला मुलगा होता, हात ग्रीसने भरलेले. धूर काढायच्या एका पंख्याचं बेअरिंग आवाज करत होतं, मोटर उतरवायची होती. "सर, फाइल." मी खुर्चीतच लवंडलो होतो, उठून कपाट उघडलं आणि दिली. त्याने हात पँटला पुसले, पान शोधलं, बोटाने ओळ नीट धरली, खूण खोडली, वेळ लिहिली, आणि मग पाना घेऊन वर गेला.